पाहुणे गेल्यावरचा किनारा

मेच्या शेवटच्या आठवड्यात रायगडचा किनारा आवराआवरीला लागतो. आधी गेट वे ऑफ इंडिया ते मांडवा ही प्रवासी वाहतूक थांबते. लाँच आणि कॅटामरान खाडीतल्या सुरक्षित जागी नेऊन नांगरतात. ऑगस्ट संपेपर्यंत मुंबईकराला अलिबागला जायचं तर पेण-वडखळचा रस्ता धरावा लागतो, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रो बोटीसाठी हवामानाची मर्जी बघावी लागते. मग राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या थांबतात आणि किल्ला पुढचे तीन महिने लाटांच्या ताब्यात जातो. नागाव, काशीद, वरसोलीच्या पुळणीवरून बनाना बोटी आणि जेट स्की उचलून शेडमध्ये जातात. शहाळ्यांच्या, भज्यांच्या, बर्फाच्या गोळ्यांच्या टपऱ्यांवर निळ्या ताडपत्र्या चढतात, त्यावर सुंभाचे वेढे बसतात. घोडागाडीवाले घोडे घेऊन गावात परततात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘गर्दी ओसरल्यावर’ हा विषय सुचवला, तेव्हा हाच किनारा डोळ्यांसमोर आला. त्याच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक ऑक्टोबर ते मे या महिन्यांतलं असतं आणि लिहिणारा समुद्राकडे तोंड करून बसलेला असतो. मला मागच्या बाजूने जायचं होतं. अलिबागला जाणारा पेणवरून जातो, मुरूडला जाणाऱ्याला रोह्यावरूनही वाट आहे; पण या दोन्ही गावांत थांबतो कोण? महामार्गावर वडखळला चहा, नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा, की गाडी पुढे. म्हणून आषाढाच्या उतरत्या पंधरवड्यात मी पेणला आणि रोह्याला मुक्काम केला आणि तिथून एसटीने किनाऱ्यापर्यंत जाऊन येत राहिले. पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर या मुलखात काय चालतं, एवढंच बघायचं होतं.

पेणमध्ये दिवे रात्रभर

पेणच्या एसटी स्टँडवर उतरलं की पहिली जाणीव होते ती घाईची. गावात आणि गावाबाहेर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. इथे प्रत्येक चौथ्या-पाचव्या घराच्या पडवीला प्लास्टिकचा पडदा आणि आत मूर्तींच्या रांगा दिसतात. बाकी कोकण पावसात आत बसलेलं असताना पेणमध्ये वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ चाललेला असतो.

इथलं वर्ष गणपती गेल्यावर सुरू होतं. विसर्जन आटोपलं, उधारी-वसुली झाली की दिवाळीच्या आसपास पुढच्या वर्षाचे साचे निघतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती सर्वांत आधी, कारण त्यांना जहाजाने जायचं असतं. उन्हाळ्यातच त्यांची खोकी बंद होऊन बंदराकडे रवाना झालेली असतात. मग मुंबई-पुण्याचे व्यापारी, मग परगावची दुकानं, शेवटी गावातली आणि ओळखीची गिऱ्हाइकं. जुलैत मी पाहिलं ते या साखळीचं शेवटचं आणि सगळ्यात अवघड टोक.

अवघड पावसामुळे. शाडूची माती गुजरातेतल्या भावनगरकडून येते. ती मळून साच्यात दाबायची, जोड लिंपायचे, ओल्या हाताने सारखं करायचं आणि मग थांबायचं. उन्हाळ्यात झटपट सुकणारी मूर्ती हवेत ओल असली की दिवस-दिवस थंडगार राहते. घाईने रंग चढवला तर आतली ओल बाहेर येते आणि रंगाला पोपडे धरतात. म्हणून कारखान्यांत मोठे दिवे आणि पंखे रात्रंदिवस चालू असतात. वीज गेली की सगळ्यांचे हात थांबतात आणि नजरा वायरीकडे जातात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती लवकर घट्ट होते, वजनाला हलकी असते, दूरच्या प्रवासाला टिकते. पेणचा व्यवसाय वाढला तो तिच्यामुळे. पण ती पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये तिच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेव्हापासून इथला कारागीर दर मोसमात न्यायालयाकडे कान लावून बसतो. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, विसर्जनाचा प्रश्न मात्र कडक अटींमध्येच राहिला. शाडूकडे वळायचं तर जागा जास्त लागते, सुकायला वेळ लागतो, वाटेत तुटण्याची भीती वाढते. निसर्गाची बाजू खरी आहे आणि कारागिराची अडचणही तितकीच खरी आहे. त्याला संक्रमणाचा काळ, सुकवायच्या जागा आणि भांडवल देणं हे समाजाचं काम आहे.

एका कारखान्यात घासकामाला सहा-सात बायका बसल्या होत्या. पॉलिश पेपरने सोंडेच्या वळणावरचा खडबडीतपणा काढायचा, बोटांच्या पेरांमधून हात फिरवायचा, भुकटी पुसायची. पुढच्या खोलीत पांढरा हात, त्यापुढे अंगरंग, मग पितांबराचा आणि दागिन्यांचा सोनेरी रंग. सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. तिथे फार कुणी बोलत नाही. आखणी करणारा कारागीर वेगळा बसतो, त्याला मूर्ती आणून द्यायच्या आणि न हलवता उचलून न्यायच्या. “बाहेर पाऊस असू दे ताई, आमचं ऊन आत लावलेलं आहे,” असं मालकांनी दिव्यांकडे हात करून सांगितलं. रात्री टेम्पोत पेंढा अंथरून मूर्ती चढवल्या जात होत्या. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या काळात खोल्या रिकाम्या असतात, त्या काळात किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर रात्रपाळी चालू असते.

खारेपाटातली शेतं

पेणहून वडखळ, तिथून पोयनाडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारेपाट पसरतो. समुद्रापासून बांध घालून सोडवलेली ही जमीन. बांधाच्या बाहेर खाडी आणि कांदळवन, आत भातशेती. बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते; शेतातलं जादा पावसाचं पाणी बाहेर जातं आणि खारं पाणी आत येत नाही. यातलं एक जरी बिनसलं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, तर एका रात्रीत शेतात मीठ येतं आणि पुढची काही वर्षं पीक हाताला लागत नाही.

म्हणून पावसाळा इथे पहाऱ्याचा काळ असतो. उधाणाच्या रात्री गडीमाणसं बांधावर फेरी मारून येतात. चिखल, दगड, पेंढा हाताशी ठेवलेला असतो. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती मीठ काही प्रमाणात सोसतात. पण बियाणं कितीही चांगलं असलं तरी बांध माणसांनाच राखावा लागतो, आणि बांध राखायला गावात माणसं असावी लागतात.

या जमिनीसाठी लोकांनी मोठी किंमत दिलेली आहे. अलिबागजवळच्या चरी गावात 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि 1939 पर्यंत तो निभावला. सहा वर्षं शेतं पडून राहिली, माणसं जंगलातली लाकडं विकून जगली, पण संप मोडला नाही. आज त्याच पट्ट्यातून शनिवारी गाड्यांची रांग समुद्राकडे जाते. काचेतून दिसणारं हिरवं कोणाच्या हट्टामुळे हिरवं राहिलं, हे सांगणारं कोणी त्या रांगेत नसतं.

मी गेले तेव्हा लावणीचे शेवटचे दिवस चालले होते. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकून रोपं टोचत होत्या. डोक्यावर पूर्वीच्या इरल्याऐवजी प्लास्टिकचे कागद होते. त्यांच्यासोबतच्या एका मुलाला मी विचारलं, बाकी वर्षभर काय करतोस? तो नागावला किनाऱ्यावर पाण्यातल्या खेळांच्या बोटीवर असतो. जूनपासून शेतात. ऑक्टोबरमध्ये भात कापून झालं की परत किनारा. वर्षाची ही दोन अर्धुकं एकमेकांना धरून आहेत. किनारा घरात रोख पैसे आणतो आणि शेत घरात चार-सहा महिन्यांचा तांदूळ आणतं. त्यामुळे हंगाम एखाद्या वर्षी बसला तरी घर बसत नाही.

पहिल्या पावसात इथे आणखी एक सोहळा असतो. नद्या-ओढ्यांना नवं पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढून शेतापर्यंत येतात. ही वलगण. गावच्या गाव रात्री बत्त्या घेऊन बांधांवर उतरतं. मेमध्येच आगोटीचा बाजार झालेला असतो: सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, मसाला, कांदे. घरात चार महिन्यांची बेगमी असते, तरी वलगणीच्या ताज्या मासळीची सर तिला येत नाही. पेणच्या बाजारात डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर बायका पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं आणतात आणि सोबत त्याची खाज मारणारी आंबट काकडंही. मी गेले तेव्हा शेवळं सरली होती. टाकळा, कुरडू, भारंगी आणि कर्टोल्यांचे वाटे होते. यातलं काहीच किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या पाटीवर नसतं, कारण पाट्या लिहिल्या जातात तेव्हा हे उगवत नाही.

कुंडलिकेच्या काठाने

रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. इथून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण सुरू झाला आणि तेव्हापासून रोह्याला दोन वेळापत्रकांची सवय झाली. पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागतं आणि गाड्या मुद्दाम सावकाश चालतात. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहे. डोंगर कापून काढलेल्या घळींमधून गस्तीची माणसं पायी फिरतात. दरड सुटली, झाड आडवं पडलं, रुळाखालची खडी वाहून गेली, तर सर्वांत आधी त्यांना कळलं पाहिजे. गोव्याला सुट्टीवर निघालेला प्रवासी ‘गाडी उशिरा आहे’ म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याची वाट कोणीतरी अंधारात कंदील घेऊन चालत राखत असतो.

रोह्याच्या मधून कुंडलिका वाहते. एका काठाला रोहा, पलीकडे अष्टमी. धाविर महाराजांचं देऊळ, धाटावची औद्योगिक वसाहत, बाजारातली पोह्यांची दुकानं, सकाळच्या मुंबई गाडीची गर्दी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं या गावाशी नातं. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म इथला, 1920 चा. गावाचं बोलणं मात्र पावसात एकाच गोष्टीभोवती फिरतं: नदी किती चढली? पुलाशी छत्री धरून उभी राहिलेली माणसं पाण्याच्या रंगावरून वरच्या अंगाला किती कोसळतोय ते सांगतात.

ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा इथल्या वीजघरात उतरवलं जातं. ते वीजघर 1927 पासून चालू आहे. वीज झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात. कोलाडजवळ आज रबरी तराफ्यांतून रोमांचक जलप्रवासाचा जो धंदा उभा आहे, तो या रोजच्या पाण्यावर. सकाळी पाणी सुटण्याची वेळ कळली की तराफे निघतात. हा धंदा पावसातही थांबत नाही. उलट त्याच दिवसांत गर्दी जास्त. शिरस्त्राण, तरंगजाकीट, तराफ्यावर एक जाणता वाटाड्या, आणि पाणी फार चढलं तर सरळ नकार. जिथे हे पाळतात तिथे हा खेळ नीट चालतो. स्थानिक मुलं वाटाडे झाली आहेत, त्यांना या नदीचा प्रत्येक खडक ठाऊक आहे. मला एवढंच वाटतं की तराफ्यात बसणाऱ्याला हे पाणी कुठून येतं ते सांगितलं पाहिजे. 1921 पासून सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. गावं बुडाली, धरण झालं. कुंडलिकेची बारमाही धार त्या बुडालेल्या जमिनींवरून आलेली आहे.

रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावला जाणारी एसटी मी खिडकीशी बसून केली. डावीकडे फणसाडच्या जंगलाची रांग. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. उजवीकडे नदी रुंद होत खाडी होते, पाण्याला मिठाची चव येते, कांदळवन सुरू होतं. साळावच्या पुलापलीकडे रेवदंडा. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी याच चौलच्या बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. अलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्यावर पोर्तुगिजांचा किल्ला आणि पायथ्याशी पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची भाषा अजून घरात बोलणारं ख्रिस्ती गाव. पावसात किल्ल्यावर जाणारं कोणी नव्हतं. गावातली माणसं मात्र घरांच्या समोर जाळी पसरून बसलेली होती.

काशीद आणि मुरूड, बिनगर्दीचे

काशीदची पुळण सुरूच्या बनामागे एकदम उघडी होते. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. आता लांबवर कोणी नाही. समुद्र मातकट, लाटा एकामागून एक उंच, आणि त्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. पाण्यात उतरायला मनाई असल्याचे फलक आहेत आणि ती मनाई योग्य आहे. या दिवसांत पाण्याखालची वाळू जागा बदलते. काल कमरेएवढं पाणी होतं तिथे आज खड्डा असतो.

सुरूच्या मुळांशी लाटांनी आणून टाकलेली रेषा होती: बाटल्या, चपला, थर्माकोलचे तुकडे, जाळ्यांची चिंधडं, वेफर्सच्या पिशव्या. आठ महिन्यांत शहरांनी आणि पाहुण्यांनी जे दिलं त्याचा हिशेब समुद्र पावसाळ्यात परत करतो. हा कचरा उचलण्याचं काम ग्रामपंचायतीच्या माणसांवर आणि गावातल्या मुलांवर पडतं, आणि तेही अशा महिन्यांत जेव्हा पर्यटकांकडून एक पैसाही येत नसतो. किनारा स्वच्छ दिसतो तो हंगामात. स्वच्छ होतो तो आत्ता.

मी जिथे जेवले ते घर एरवी पाहुण्यांना खोल्या देतं. आता ओटीवर कोरडं गवत, कोपऱ्यात रंगाचे डबे, दोऱ्यांवर कपडे. खोल्या उघड्या ठेवल्या होत्या, कारण बंद ठेवल्या की गाद्यांना बुरशी येते. खारा वारा आणि ओल लोखंडाला खातात. नळ, बिजागऱ्या, पंखे, वातानुकूलन यंत्रं, सगळ्यांची दुरुस्ती याच महिन्यांत. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले होते. “शनिवार-रविवारी चार माणसं येतात, धबधब्याचं विचारतात,” घरच्या काकू म्हणाल्या. “बाकीचा आठवडा आमचा. माहेरी जायचं, आजारपणं काढायची, पोरांच्या शाळेचं बघायचं, ते सगळं आताच.” वाढता वाढता त्यांनी ताटात टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी ठेवली. हंगामात त्यांच्या ताटाला सुरमई आणि पापलेटच लागतं, गिऱ्हाइकाला दुसरं चालत नाही. मला त्या ताटात त्यांचा पावसाळा जेवायला मिळाला, यापेक्षा मोठं आतिथ्य कोणतं?

मुरूडच्या वाड्यांमध्येही उसंत नव्हती. नारळ-सुपारीच्या बागेला पावसात कोळेरोगाची भीती असते. सततच्या ओलीने कोवळी सुपारी काळी पडते, सडते, गळते. म्हणून पावसाच्या आधी घोसांवर बोर्डो मिश्रण फवारतात आणि उघडीप मिळाली की पुन्हा फवारतात. त्यासाठी झाडावर चढणारा माणूस लागतो आणि असे गडी आता थोडेच राहिलेत. त्यात 3 जून 2020 चा दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. उभं झाड पडलं की फक्त एका वर्षाचं उत्पन्न जात नाही. नवं लावलेलं फळाला यायला सुपारीला आणि माडाला कित्येक वर्षं जावी लागतात. तेव्हा टाळेबंदी होती, पर्यटकही नव्हते. एकाच वेळी दोन्ही आधार गेले. वाडीत नव्याने लावलेली झाडं आता माणसापेक्षा उंच झाली आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत मिरीचे वेल आणि जायफळं लावून लोकांनी धोका वाटून घेतला आहे.

एकसष्ट दिवस

कोळीवाड्यात होड्या वाळूवर ओढून शाकारून ठेवलेल्या होत्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बऱ्याच माशांचा हा अंडी घालण्याचा काळ. शिवाय वादळी समुद्रात जिवाचा धोका असतोच. नियम कागदावर 1981 च्या राज्य कायद्याखाली येतो, पण शहाणपण त्याहून फार जुनं आहे.

बंदी म्हणजे सुट्टी नव्हे. इंजिन खोलून घरी आणतात, पंखा आणि सुकाणू तपासतात, लाकडी नौकेच्या फळ्यांमधल्या भेगा भरतात, तळाला चिकटलेले कालवांचे थर खरवडतात. जाळी ओटीवर पसरून एकेक आसा शोधतात, फाटलेला सांधतात, बोयरे आणि शिशाचे गोळे नव्याने ओवतात. बँकेचे आणि सोसायटीचे हप्ते मात्र थांबत नाहीत. बायका सुकी मासळी विकून घर चालवतात. खलाशी गावी गेलेले असतात. त्यांना पुन्हा बोलावण्यासाठी उचल द्यावी लागते. जुलैअखेर नाखव्याच्या डोक्याला सर्वांत मोठा घोर हाच असतो.

कॅलेंडरची बंदी 31 जुलैला संपते, कोळ्यांची मात्र नारळी पुनवेला. दर वर्षी या दोन तारखा जुळत नाहीत. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला पडली. महिनाभर दर्या कायद्याने उघडा होता आणि रीतीने मिटलेला. “पुनव झाल्याशिवाय आमची बोट लोटत नाही, सरकार काही म्हणो,” एका वयस्क नाखव्यांनी जाळ्यावरून नजर न उचलता सांगितलं. सगळे एवढे थांबत नाहीत. कर्ज मोठं असेल तर पाळायला जमत नाही, आणि त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या राज्याने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं, त्या राज्यातला पापलेट टिकायचा असेल तर अंडी घालायला मिळालेला प्रत्येक दिवस मोलाचा आहे. थांबणाऱ्या नाखव्याला आधार द्यायला हवा.

भूमध्य समुद्रावरचा हिवाळा

किनाऱ्याचा रिकामा काळ हा फक्त आपला प्रश्न नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या गावांत तो उलट्या ऋतूत येतो. तिथे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर संपला की ग्रीसच्या बेटांवरची आणि इटलीच्या किनाऱ्यावरची हॉटेलं दारं लावून घेतात. त्याच महिन्यांत पाठीमागच्या डोंगरांवर ऑलिव्हची तोडणी सुरू होते. पाहुणे गेले की गाव स्वतःच्या पिकाकडे वळतं, हे तिथेही तसंच.

आणि हंगाम कायमचे नसतात, हेही तिथे दिसतं. फ्रान्समधलं नीस एकोणिसाव्या शतकात हिवाळ्याचं गाव होतं. थंडीतून सुटका म्हणून इंग्रज श्रीमंत तिथे यायचे; समुद्रकाठचा प्रसिद्ध हमरस्ता अजून इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो आणि व्हिक्टोरिया राणीही 1890 च्या दशकात तिथे येऊन राहिली. उन्हात अंग शेकणं तेव्हा कोणाला आवडत नव्हतं. मग आवडी बदलल्या, 1936 मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना पगारी रजा मिळाली, आणि गर्दी उन्हाळ्यात आली. स्पेनने 1985 पासून दुसरी वाट धरली. सरकार निवृत्त नागरिकांना स्वस्त दरात बिगरहंगामी महिन्यांत किनाऱ्यावर पाठवतं. हॉटेलं अर्धी तरी भरतात, कामगारांची नोकरी टिकते, आणि म्हाताऱ्या माणसांना निवांत समुद्र मिळतो.

पण त्याच समुद्रावर एक इशाराही आहे. ज्या गावांनी शेती आणि मासेमारी सोडून सगळी जमीन सुट्टीतल्या घरांना दिली, तिथे हिवाळ्यात ओळीच्या ओळी बंद खिडक्यांच्या दिसतात. गाव आहे, पण रात्री दिवा लावणारं कोणी नाही.

बारमाही करण्याआधी

आपल्याकडे आता बारमाही पर्यटनाचे बेत आखले जातात. पावसाळी सहलींच्या जाहिराती लागतात. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई या जिल्ह्याच्या आणखी जवळ आली. त्यातून घराघरात चार पैसे जास्त येत असतील तर ते यायलाच हवेत. प्रश्न आहे की ते कुठल्या मार्गाने येणार.

मी जे पाहिलं त्यावरून मला असं वाटतं की पावसाळ्यातले महिने हे या मुलखाचे रिकामे महिने नाहीत, ते त्याचे स्वतःचे महिने आहेत. भात, मूर्ती, जाळं, बांध, वाडी, शाळा, माहेर, दुरुस्ती, समुद्राची विश्रांती, हे सगळं त्यांतच बसवलेलं आहे. तिथे उन्हाळ्यातली गर्दी उचलून आणून टाकली तर जे मोडेल त्यावरच उन्हाळाही उभा आहे. धबधब्यांवर दर शनिवारी होणारी गर्दी आणि त्यापाठोपाठ निघणारे प्रशासनाचे मनाई आदेश, हा त्याचा नमुना. दरवर्षी तिथे तरुण जीव जातात आणि त्यांना शोधायला दोर लावून खाली उतरतात ते गावातलेच तरुण, लावणी सोडून.

त्याहून मोठी काळजी जमिनीची आहे. अलिबाग परिसरात खाचरांच्या जागी कुंपणं आणि बंगले उठत आहेत, वर्षातले बहुतेक दिवस बंद असणारे. शेत विकलं तर नागावच्या बोटीवरचा तो मुलगा उद्या फक्त किनाऱ्यावर अवलंबून राहील. मग हंगाम चुकला की त्याच्या घरात तांदूळही नसेल, आणि उघाडी मिटवायला बांधावर माणूसही.

तरीही पावसात इकडे यावं, असंच मी म्हणेन. यायची रीत बदलावी. पेणला आणि रोह्याला उतरावं; दोन्हीकडे रेल्वे आहे आणि एसटीचं आगारही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे आणि बायकांना 2023 पासून अर्ध्या तिकिटात. स्पेनने ज्यासाठी वेगळी योजना आखली ती आपल्याकडे निम्मी तयार आहे. तिला आठवड्याच्या मधल्या दिवसांतल्या घरगुती मुक्कामांची जोड तेवढी मिळायला हवी. सोमवार ते शुक्रवार यावं, समुद्र लांबून पाहावा, ताटात जे येईल ते खावं, बाजारातून कर्टोली आणि सुकट न्यावी, घरचा गणपती कारागिराच्या हातून घ्यावा आणि त्याला भाव करू नये. एवढ्याने खोल्या देणाऱ्या त्या काकूंच्या हातात पावसाळ्यातही पैसे खेळतील आणि त्यांचा आठवडा त्यांचाच राहील.

किती पाहुणे, कोणत्या महिन्यात, कुठपर्यंत, हे ठरवताना जिल्ह्याच्या बैठकीत हॉटेलवाल्यांच्या बरोबरीने बांध राखणारा शेतकरी, मच्छीमार सोसायटी, मूर्तिकार आणि खोल्या देणाऱ्या बायका बसलेल्या असाव्यात. किनाऱ्यावर आठ महिने येणाऱ्यांची सोय पाहायला पुष्कळ जण आहेत. बारा महिने राहणाऱ्यांचं वर्ष अखंड राहिलं, तरच त्या आठ महिन्यांत कोणाला यावंसं वाटेल असं काही इथे उरेल.